चिखलाचा कौल

चिखलाचा का होईना, ज्वालामुखी म्हटल्यावर निदान धूर तरी असावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती. टोकियोहून शिंकानसेन ही बुलेट ट्रेन, मग भाड्याची गाडी आणि नीगाताच्या डोंगरातली न संपणारी वळणं, एवढं सोसून पोचलो, तर भातखाचरांमागे दोरी बांधलेली आणि दोरीपलीकडे राखाडी चिखलाचे दोन उंचवटे. दोन्हींच्या डोक्यावर एकेक डबकं. मधूनच एखादा बुडबुडा यायचा आणि पिठलं रटरटावं तसा आवाज करून फुटायचा. पिठलं निदान खाता येतं.

"किती खोलातून येतोय हा चिखल, कल्पना आहे तुला?" हेमचंद्रने विचारलं.

माझा नवरा भूशास्त्रज्ञ आहे. चिखल बघून ज्याचे डोळे पाणावतात असा जगात एकच माणूस असेल, आणि तो नेमका पत्रिका जुळवून माझ्या वाट्याला आला.

त्याचं इथलं पोस्टडॉक मार्चमध्ये संपतंय. पुण्याच्या एका संस्थेने बोलावलंय, सोमवारी उत्तर द्यायचंय. इथले प्रोफेसरही मुदत वाढवून द्यायला तयार आहेत. आणि मला याच महिन्यात टोकियोतल्या ऑफिसने पर्मनंट केलं. नवऱ्यामागून आले तेव्हा मी कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर गिऱ्हाइकांना 'इराश्शाइमासे', 'या, या' ओरडून घसा बसवलाय, कांजी लिपी घोटून डोळे फोडलेत, तेव्हा कुठे मीटिंगमध्ये लोक 'स्वरूपा-सान, तुमचं मत?' म्हणायला लागले. हे सोडून जायचं का, यावर टोकियोशेजारच्या उरायासुतल्या आमच्या घरात आमचं कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही. 'शांतपणे ठरवू' म्हणून साहेब मला चिखल दाखवायला घेऊन आले.

"कौल लावूया," तो म्हणाला.

हा माणूस दर गणपतीला इथल्या मराठी मंडळींना वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्यान देतो. मोदक गार होतात. पण त्याचं गाव मालवणकडचं. तिथे वाद जमिनीचा असो की लग्नाचा, देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून गुरव विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"उजव्या डबक्यात आधी बुडबुडा आला तर पुणे. डाव्यात आला तर जपान." आणि त्याने खरंच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली हत..."

यावर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. शेजारच्या वयस्कर जपानी जोडप्याने मात्र आदराने हात जोडले.

बुडबुडा डाव्यात आला.

"वारा होता," हेमचंद्र म्हणाला. वाऱ्याने जमिनीतून बुडबुडे येतात, हा शोध नवीन असावा.

दुसऱ्यांदाही डाव्यात आला. "गावी तीनदा विचारतात," तो म्हणाला. तिसऱ्यांदा तर डावं डबकं असं उसळलं की त्याच्या बुटांवर शिंतोडे उडाले. तो वाकून ते पुसू लागला. मग एकदम उजळला.

"अगं, उजवी बाजू देवाची धरतात! देव आपल्याकडे तोंड करून असतो. म्हणजे आपलं डावं ते त्याचं उजवं. पुणेच!"

इतका आनंद त्याला आमच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच संताप येत होता.

"चिखलाला तीनदा विचारलंस, हेमचंद्र," मी म्हणाले. "मला एकदाही नाही."

तो गोंधळला. खरोखरच गोंधळला. "तुला काय विचारायचं? तू येणारच ना."

"नाही," मी म्हणाले. "तुला जायचं तर जा. मी राहतेय."

पलीकडे पुन्हा काहीतरी फुटलं. कुठल्या डबक्यात, ते त्याने पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता.