खंजिरी थांबते तेव्हा

नाईल नदीच्या वरच्या अंगाला, ऊसमळ्यांच्या पट्ट्यात जी गावं आहेत, तिथे लग्न असलं की दुपारी काठीचा खेळ होतोच. आणि खेळ झाला की कौतुक सनईवाल्याचं होतं. वाजवणाऱ्यांचा म्होरक्या, रईस गादल्ला, गाल फुगवून फुंकायला लागला की बायका गच्चीवरून वाकून बघायच्या. ढोलवाल्यालाही कोणीतरी चहा आणून द्यायचं. बुखैतच्या वाट्याला यायची ती थट्टा.

"आला का आमचा खुळखुळेवाला!" गादल्ला म्हणायचा. "अरे, याला बारशाला न्या, पोरं हसतील."

बुखैत खंजिरी वाजवायचा. माशाच्या कातड्याने मढवलेली, कडेला पितळी झांजा असलेली, ताटलीएवढी खंजिरी. थट्टेला तो कधी उत्तर द्यायचा नाही, पण ती त्याला लागायची, आणि भरपूर लागायची. कारण गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक असलेली एक गोष्ट होती, जी कोणी तोंडाने कबूल करत नसे. सनई आणि ढोल रिंगणाच्या बाहेर बसत. आत, खेळणाऱ्या दोघांच्या जवळ, फक्त खंजिरीवाला उभा राही. खंजिरी वाजते तोवर खेळ. त्यात काठी लागली, डोकं फुटलं, अगदी माणूस मेला तरी तो खेळात गेला, त्याचा सूड नाही. खेळणाऱ्याच्या डोळ्यांत खुन्नस दिसली की खंजिरीवाल्याने हात थांबवायचा, आणि हात थांबला की काठ्या खाली. त्यानंतर अंगावर पडलेली काठी म्हणजे खून. आजवर बुखैतने किती डोकी वाचवली असतील कोण जाणे. शाबासकी मात्र सनईला.

त्या दिवशी लग्न होतं अबू-दौम घराण्यातल्या रिफाईचं. पोरगा उमदा, हसरा, मिशी नुकती जाड होत चाललेली. त्याच्या जन्माच्या सातव्या दिवशीही बुखैतनेच खंजिरी वाजवली होती. लग्नाला जबाली घराण्याचे लोकही आले होते. रिफाईच्या काकाने जबालींच्या एका माणसाला गोळी घातली होती. मग मागच्या हिवाळ्यात तोच काका स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन अनवाणी त्यांच्या दारात गेला, मान खाली घालून उभा राहिला, आणि जबालींच्या वडीलधाऱ्यांनी त्याला माफ केलं. मेंढा कापला, सगळे एका परातीत जेवले. मेलेल्या माणसाचा मुलगा शाझली तेवढा जेवला नाही.

बुखैत भिंतीच्या आडोशाला निखाऱ्यांवर खंजिरीचं कातडं शेकत बसला होता. तिथे शाझली आला. येऊन उकिडवा बसला, बुखैतचं उजवं मनगट धरलं आणि हात निखाऱ्यांवर आणला.

"आज मी नवरदेवाशी खेळणार आहे," तो म्हणाला. "काय वाटेल ते झालं तरी तुझी खंजिरी थांबता कामा नये."

"सोड बाबा, भाजतंय!"

"भाजू दे. थांबलास तर हा हात तुझा राहणार नाही. आणि मला जाब विचारायला कोण येणार आहे रे? तुझं घराणं कुठलं? वाजवणाऱ्याच्या रक्ताला कोणी वाली असतो का?"

हे खरं होतं. वाजवणारे लोक कुठल्याच घराण्याचे नव्हते. त्यांना मारलं तर लोक हळहळत आणि घरी जात. शाझलीने हात सोडला तेव्हा तळव्यावर फोड आला होता.

बुखैत उठला. सांगायचं कोणाला? रिफाईच्या आजोबांना, हज करून आलेल्या हाज दर्दीरना सांगावं, तर भिंतीला टेकवलेल्या बंदुका त्याच क्षणी हातात येणार आणि मांडवात मढी पडणार. म्हणून त्याने रिफाईलाच गाठलं.

"पोरा, आज शाझलीने काठी पुढे केली तर घेऊ नकोस. पाय मुरगळला म्हणून सांग."

रिफाई हसला. "बुखैतकाका, स्वतःच्या लग्नात लंगडू? बायको काय म्हणेल? आणि पाहुण्याला नाही म्हणायचं? आजोबा मला उभा सोलतील."

"अरे, माझं ऐक..."

"तुम्ही फक्त झकास वाजवा." असं म्हणून त्याने बुखैतच्या खांद्यावर थाप मारली आणि गेला. मेल्या, कशाला इतका हसतोस, असं बुखैतला ओरडावंसं वाटलं.

ऊन कलल्यावर रिंगण धरलं गेलं. गादल्लाने सनईला तोंड लावलं, ढोल घुमला, बुखैत फोड आलेल्या हातात खंजिरी धरून आत उभा राहिला. रिफाईने काठी कपाळाला लावून सलाम केला. शाझलीनेही केला. पहिले दोन फेरे रीतसर झाले, काठ्या अंगापासून वीतभर अंतरावर थांबल्या.

तिसऱ्या फेऱ्यात शाझलीची काठी थांबली नाही. रिफाईचा कान फाटला. पांढऱ्या झग्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत रक्ताचा ओघळ उतरला. लोकांनी जल्लोष केला, कारण लग्नात थोडं रक्त शुभ मानणारे बरेच होते. गादल्लाला तर चेवच आला. रिफाईने कानाला हात लावला, बोटं पाहिली आणि तरीही हसला. त्याला अजून हा खेळच वाटत होता.

दुसरा वार गुडघ्यावर बसला. आत काहीतरी कचकन मोडल्याचा आवाज बुखैतला ऐकू आला, बाहेर कोणालाच नाही. रिफाई एका गुडघ्यावर आला. तो काठी आडवी धरायला गेला तर शाझलीने त्याची बोटंच चेचली. काठी गळून पडली. आता त्याने बुखैतकडे पाहिलं. हसू गेलं होतं. तोंडात रक्त होतं आणि डोळ्यांत लहान पोराची भीती.

शाझलीने काठी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. तोही बुखैतकडेच बघत होता. वाजव, असं त्याचे ओठ म्हणाले.

बुखैतला स्वतःच्या हातासाठी भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. हात गेला तर खायचं काय? तरीही त्याने खंजिरी छातीशी घट्ट आवळली आणि सगळ्या झांजा मुक्या केल्या.

सनई चालूच होती, ढोलही चालू होता. पण रिंगणाभोवतीच्या एकेका पुरुषाला ती शांतता कळली. हातातल्या काठ्या आपोआप खाली गेल्या. ढोलवाल्याचे हात थबकले. गादल्ला एकटाच क्षणभर फुंकत राहिला आणि मग वेड्यासारखा इकडेतिकडे बघत थांबला.

"शाझली!" त्याचाच सख्खा चुलता ओरडला. "खंजिरी थांबली आहे! आता मारलंस तर तो खून आहे, आणि मी तुझ्या बाजूने उभा राहणार नाही!"

काठी हवेत थरथरली. मग शाझली वळला आणि ती बुखैतच्या मनगटावर आणली. हाड मोडलं. खंजिरी मातीत पडली. दुसरा वार त्याच जागी, तिसरा कोपरावर. बुखैत कोसळल्यावर शाझलीने टाचेने त्याची बोटं एकेक करून रगडली. बुखैत गुरासारखा हंबरला. एवढी माणसं भोवती उभी होती, पण कोणी पुढे झालं नाही. वाजवणाऱ्याला मारलं तर काय करायचं, याची रीतच कोणाला माहीत नव्हती.

मग हाज दर्दीर उठले. नव्वदीचा म्हातारा काठी टेकत रिंगणात आला. नातवाकडे पाहिलं, बुखैतकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला:

"या माणसाने माझ्या घराचं रक्त वाचवलं. आजपासून याचं रक्त ते अबू-दौमचं रक्त. याचा हात मोडला तो माझा हात मोडला."

बुखैत धुळीत पडून ऐकत होता. वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी ते शब्द त्याच्या काळजात उतरले. त्याचं रक्त कोणाचं तरी होतं! त्याच्या बापाला, आज्याला, कोणालाच हे मिळालं नव्हतं. हे पुन्हा एकदा ऐकायला मिळालं तर दुसरा हातही द्यावा, असं त्याला वाटून गेलं.

तेवढ्यात बंदुकांचे खटके वाजले. आधी अबू-दौमांकडून, मग समोरून, जबालींकडून. गच्चीवरच्या बायका किंचाळून खाली वाकल्या. मोडक्या गुडघ्यावर रिफाई दोन्ही फळ्यांच्या बरोबर मध्ये बसला होता.

बुखैत डाव्या हातावर रेटा देऊन उठला.

"हाज, माझा हात कोणी मोडला नाही. मी पडलो."

"काय बरळतोस? आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

"तुम्ही सनईवाल्याकडे बघत होता, हाज. नेहमी तिकडेच बघता. माझ्याकडे कोण बघतं?" त्याला धाप लागली होती. "मी अडखळून पडलो. मी वाजवणारा माणूस आहे. माझं रक्त तुमचं नाही. कोणाचंच नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा काळवंडला. "तू माझा शब्द परत करतोयस? सगळ्यांच्या देखत?"

"परत करतोय."

ज्याने मान दिला त्याच्या तोंडावर मान फेकणं, म्हणजे त्या गावात थुंकण्यासारखंच होतं. दर्दीरांची हनुवटी हलत राहिली. शेवटी त्यांनी हाताने खूण केली आणि त्यांच्या माणसांनी बंदुका उतरवल्या. मग समोरच्यांनीही उतरवल्या. शाझलीचा चुलता त्याला दंडाला धरून ओढत घेऊन गेला.

"जा," दर्दीर बुखैतला म्हणाले. "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

बुखैत गेला. मोडका हात पागोट्यात गुंडाळून, भिंतींना धरत तो कालव्यापर्यंत पोचला आणि तिथे बसून हमसून हमसून रडायला लागला. गादल्ला मागून धावत आला, सनई काखेत मारलेली. त्याने कालव्याचं पाणी ओंजळीत घेऊन बुखैतच्या तोंडावर मारलं.

"हात फार दुखतोय का रे?" त्याने विचारलं.

"हो," बुखैत म्हणाला, "हातच दुखतोय."