पाव्हण्यांची

जयराज निकम सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन उंब्रजला परतला. घरात त्यानं शिस्त अशी एकच लावली, ती म्हणजे लेकीची हजेरी. कुणी विचारलं, "कुणाची गं तू?" की टाचा जुळवायच्या, मान वर करायची आणि एका दमात सांगायचं, "क्रांती जयराज निकम, इयत्ता दुसरी, मुक्काम उंब्रज, पाटाजवळचं घर." गावात हा प्रश्न पोरांना दिवसातून दहा वेळा विचारला जातो. क्रांती साडेचार वर्षांची असताना साताऱ्याच्या अनाथ मुलांच्या संस्थेतून या घरी दत्तक आली, तेव्हा हा प्रश्न ऐकला की ती जमिनीकडे बघायची आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची. जयराजला ते बघवेना. म्हणून त्यानं महिनाभर रोज सकाळी अंगणात तिची परेड घेतली. आता ती सातची झाली होती आणि एवढ्या जोरात हजेरी द्यायची की शेजारची रंगुबाई कानावर हात ठेवायची.

दुसरं एक काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. घरी पाव्हणं आलं की तांब्या-पेला तीच नेणार. राजेश्वरीनं, म्हणजे तिच्या आईनं, चुकून पेल्याला हात लावला तरी तिला राग यायचा. "घरातल्या पोरीनं द्याचं आसतंय पाणी," असं वर आईलाच सुनवायची.

त्या रविवारी राजेश्वरीला अंगणवाडीत पोलिओच्या डोसांची ड्यूटी होती, म्हणून बापलेक दोघंच एसटीनं सांगलीला गेले. गणपतीचं दर्शन झालं, घाटावर नावेत बसून झालं. नावेत क्रांतीनं पाण्यात हात घातला आणि, "पप्पा, तू पण घाल की," म्हणून त्यालाही घालायला लावला. जयराज मनातून खूश होता. रस्त्यानं जाताना ती त्याचं एक बोट धरून चालायची. पूर्ण हात दिला तर सोडून द्यायची, बोटच लागायचं.

घरी न्यायला भडंग घ्यावं म्हणून ते एका दुकानात शिरले, तर गल्ल्यामागून माणूस ओरडला, "आरं निकम्या! जया! वळख दे की रं, गड्या!"

तो धुळा माने होता. पठाणकोटला दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. गेल्या अकरा वर्षांत भेट नव्हती. धुळानं बाहेर येऊन त्याला कडकडून मिठी मारली, पाठीवर दोन थापा घातल्या, आणि लगेच विचारलं, "पोरगं केवढं झालं रं? तुज्या हातची जिलबी खाऊन गाडीत बसलोय मी. अकराचं आसंल की आता?"

आता ही जिलबी सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वी सकाळी जयराजला घरून फोन आला, मुलगा झाला. त्यानं सगळ्या बराकीला जिलबी वाटली. धुळाची त्याच दिवशी बदली होती, तो दुपारच्या गाडीनं तोंड गोड करून गेला. संध्याकाळी दुसरा फोन आला. पोर नऊ तास जगलं होतं. बराकीतल्या बाकीच्यांना ते कळलं, धुळाला मात्र कुणी कळवलं नाही. पुढं राजेश्वरीची कूस पुन्हा उजवली नाही, आणि त्या मुलाचं नावही घरात कुणी काढत नसे.

खरं सांगायला फार काही लागत नव्हतं. न्हाई राहिला रं, एवढं म्हटलं असतं तर धुळानं खांद्यावर हात ठेवला असता आणि विषय तिथंच मिटला असता. पण त्या माणसाच्या तोंडावर एवढा आनंद होता, आणि जयराजलाही त्या घडीला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. जगात एक तरी माणूस होता ज्याच्या हिशेबी ते पोर जिवंत होतं, शाळेत जात होतं.

"व्हय, अकरा पुरी झाली," जयराज म्हणाला. "लय हुशार हाय. परीक्षा हाय म्हणून आणला न्हाई."

"झ्याक! आन ही चिमणी?" धुळा गुडघ्यावर वाकला. "कुणाची गं तू?"

क्रांतीनं हातातली पिशवी खाली ठेवली. टाचा जुळवल्या, मान वर केली. "क्रांती जय..."

"पाव्हण्यांची हाय," जयराज मधेच बोलला. "सुट्टीला आलीया."

पोराची परीक्षा आणि पोरीची सुट्टी एकाच रविवारी. थाप मारायलाही सराव लागतो, आणि जयराजला तो नव्हता. पण आता खोट्याला खोटं जोडणं आलं. पोरीचं खरं सांगावं तर घरात मुलगा असताना ही संस्थेतून कशाला आणली, कुणावर गेली, रंग असा कसा, ही सगळी प्रश्नांची माळ त्याला समोर दिसली आणि तो घाबरला. सीमेवर न घाबरलेला गडी भडंगाच्या दुकानात घाबरला. धुळाच्या काही ध्यानात आलं नाही. त्यानं हसत पोरीलाच विचारलं, "व्हय गं? पाव्हण्यांची का तू?"

क्रांतीनं जयराजकडे पाहिलं. टाचा अजून जुळलेल्याच होत्या.

"व्हय," ती म्हणाली. "पाव्हण्यांची."

रडली असती, हट्ट केला असता, न्हाई म्हणाली असती, तरी जयराजला चाललं असतं. पण सात वर्षांच्या पोरीनं त्याची लबाडी सावरून धरली. धुळानं भडंगाची पुडी तिच्या हातात दिली, जयराजचा नंबर घेतला, आणि ते दोघं बाहेर पडले. रस्त्यात त्यानं बोट पुढं केलं. तिनं दोन्ही हातांनी पुडी धरली होती.

गाडीत तिनं पुडी सोडली नाही. कराड जवळ आलं तेव्हा खिडकीबाहेर बघतच तिनं विचारलं, "पाव्हणं किती दिस ऱ्हात्यात?"

"कुठलं पाव्हणं?"

"आसंच. कुठलंबी."

जयराजला तो प्रश्न पुरता कळला होता. संस्थेत शनिवारी पाहुणे यायचे, बिस्किटं आणायचे, एखाद्या पोराला मांडीवर घ्यायचे आणि निघून जायचे. तिनंच कधीतरी जेवताना हे सांगितलं होतं. आता गाडीतच तिला जवळ ओढून, चुकलो गं बाळा, म्हणायचं होतं. पण शेजारच्या बाकावर माणसं होती. "डोळं मीट जरा," तो म्हणाला. "उंब्रज आलं की उठवतो." स्वतःचा आवाज त्याला स्वतःलाच किळसवाणा वाटला.

घरी आल्यावर जेवण झालं तशी तिनं आपली ताटली आपण घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई आली आणि उंबऱ्यात टेकली. क्रांती जागची हलली नाही.

"काय गं, आज पाणी न्हाई व्हय आमास्नी?" रंगुबाईनं विचारलं.

"पाव्हण्यानं पाणी द्याचं नसतंय," क्रांती म्हणाली. "पाव्हणी हाय मी."

राजेश्वरी हसली. "आगं बया! कवापास्नं?"

"सांगलीपास्नं."

दोघी बायका हसत सुटल्या. जयराज उसाची मोटर बघून येतो म्हणून घराबाहेर पडला. मोटर चांगली चालू होती. तो बांधावर नुसता बसून राहिला. राजेश्वरीला सांगावं तर आधी त्या मेलेल्या पोराचं नाव काढावं लागणार होतं, आणि मग जित्या पोरीला काय केलं ते. कुठलं आधी सांगायचं हेच त्याला ठरवता येईना. त्या आठवड्यात क्रांतीनं एकदाही पप्पा म्हटलं नाही. हाक न मारता बोलायची तिला बरोबर युक्ती सापडली होती. समोर येऊन उभी राहायची आणि नजर गेली की बोलायची.

गुरुवारी धुळाचा फोन आला. साताऱ्याला लग्न आहे, रविवारी जाता जाता उंब्रजला उतरतो, वहिनींच्या हातचा चहा घेतो, पोराला बघतो. जयराजनं, ये की, म्हटलं. आणि सांगायचं उद्यावर, उद्याचं परवावर ढकललं. रविवार उजाडला तरी राजेश्वरीला एवढंच माहीत होतं की फौजेतला एक दोस्त चहाला येणार आहे.

सकाळी दहाच्या सुमाराला जयराज अंगणात खुर्च्या मांडत होता. क्रांती वेणी घालून, चप्पल पायात घालून समोर येऊन उभी राहिली.

"त्ये भडंगवाले काका येणार हायती न्हवं?" तिनं हळूच विचारलं. "मी रंगुआजीकडं जाऊन बसू का?"

"का गं?"

"त्ये इचारत्याल, दादा कुठाय. मग मी कुणाची त्ये बी इचारत्याल." तिनं घराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "मी नसले तर तुमाला एकच सांगाय लागंल."

तिनं त्याला 'तुमाला' म्हटलं होतं. नावेत पाण्यात हात घालायला लावताना तो 'तू' होता. आठवडाभर ही एवढीशी पोर त्याची लबाडी कशी निभवायची याचा विचार करत होती, आणि तो मोटर बघत होता. जमिनीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. तो काही बोलणार एवढ्यात धुळाची मोटारसायकल दारात आली. मागच्या सीटला एक क्रिकेटची बॅट बांधली होती.

"कुठाय आमचा पैलवान?" धुळा बॅट सोडतच आत आला. "नमस्कार, वहिनी! जयानं जिलबी चारली त्याला अकरा वर्सं झाली, आज फेडतुया. बलवा पोराला!"

राजेश्वरी दारात उभी होती. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिनं आधी बॅटकडे पाहिलं, मग जयराजकडे. क्रांती अंगणाच्या कडेला सरकली होती, एक पाय रंगुबाईच्या दाराच्या दिशेनं. धुळाची नजर तिच्यावर गेली. "आरं, पाव्हणी हायच का अजून? सुट्टी सरली न्हाई व्हय तुजी?"

क्रांतीनं जयराजकडे पाहिलं. आज काय सांगायचं, एवढंच ती विचारत होती. जे सांगशील ते सांगते, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

"ती पाव्हण्यांची न्हाई, धुळा," जयराज म्हणाला. "माजी पोरगी हाय. क्रांती. सातारच्या संस्थेतनं आणलीया आमी. आडीच वर्सं झाली."

"मग त्या दिशी..."

"लबाड बोललो. आन पोरगं त्याच दिवशी सांजंला गेलं. तू गाडीत व्हतास तवा. त्ये बी लबाडच बोललो."

धुळा मटकन खुर्चीत बसला. बॅट त्याच्या मांडीवर आडवी राहिली. "आरं, आन मी दरसाल मोजत आलोय की रं," तो एवढंच म्हणाला.

राजेश्वरी पायऱ्या उतरून खाली आली. जयराजला वाटलं ती आता बोलेल, चार शब्द सुनवेल. सुनवले असते तर त्याला हलकं वाटलं असतं. पण तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती क्रांतीपुढं उकिडवी बसली. "सांगलीत काय सांगितलं व्हतंस गं तू काकांना?"

"पाव्हण्यांची," क्रांती म्हणाली. आणि लगेच, घाईघाईनं, "मीच म्हणले आई, त्यांनी न्हाई."

राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले. मग उठून धुळाच्या मांडीवरची बॅट उचलली. "ऱ्हाऊ द्या हितंच, भाऊजी. ही खेळंल," ती म्हणाली. "क्रांती, पाणी आण जा."

क्रांतीनं पायातल्या चपला काढल्या, त्या भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती आली तेव्हा एका हातात तांब्या होता, दुसऱ्या हातात भरलेला पेला. धुळानं सवयीनं हात पुढं केला. ती त्याच्या खुर्चीजवळून पुढं गेली आणि जयराजपुढं जाऊन उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली.

धुळा उगाच हसला. "आगं, आदी पाव्हण्यास्नी द्याचं आसतंय बाळा."

"दिलं की," क्रांती म्हणाली.

जयराजनं पेला दोन्ही हातांत घेतला. परक्याच्या घरी घेतात तसा, मान खाली घालून. त्यानं सगळं पाणी संपवलं. क्रांती रिकाम्या पेल्यासाठी हात पुढं करून समोर उभी होती, घरातली पोरगी उभी राहते तशी.