मुक्या भुताची सराई

मित्रांनो, मी एक जुनी सराई आहे, पण मला ना वीट, ना कौल. सोलापुरात चादरींची नक्षी काढणाऱ्या बंदेनवाजकाकांनी सोंगं घेऊन खेळायच्या एका खेळासाठी मला ग्राफपेपरवर आखलं. रविवारी दुपारी रिक्षावाला कुमार आणि शाळेत शिकवणारी अंकिता त्यांच्या घरी खेळायला येत. तो योद्धा होई, ती चेटकीण. फासे टाकत, काल्पनिक जंगलं तुडवत दोघं माझ्या दाराशी पोचत. मग काका घोगऱ्या आवाजात म्हणत, "या की, बसा की! गरम भाकर हाय."

हे माझ्या मालकाचं भूत, शंभर वर्षांपूर्वी मेलेला शरणबसव. त्याचा आवाज आला की धुक्यातून माझ्या भिंती उभ्या राहत, विझलेल्या चुलीत निळा जाळ हले. दोघांच्या अंगावर काटा येई, पण उठायला कुणी तयार नसे.

पुढे काकांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, आवाज मात्र गेला. त्यांनी माझी घडी घालून कपाटात ठेवली. आठ महिने मी तिथे पडून होते. दोघं भेटायला आले की काका आतल्या खोलीचं दार लावून घेत.

"कुणाला भेटायचंच न्हाय त्यास्नी," काकांच्या पत्नी अकबरीकाकू हळूच सांगत.

एका रविवारी अंकिता माघारी फिरली नाही. "काकू, ती सराई द्या. आमी हितंच खेळतो." बंद दारासमोर बसून तिने मला उलगडलं.

"सराईत तर आलो," कुमार म्हणाला. "मालक कुटं दिसंना."

अंकिता दाराकडे तोंड करून म्हणाली, "शरणबसव, हाय का तुमी? व्हय असंल तर एकदा वाजवा, न्हाय तर दोनदा."

कुमारने दाराला कान लावला. मग आतून एकदाच, टक.

"आमच्यावर रागावलाय?"

टक, टक.

अंकिता दाराजवळ सरकली. "मग बाहेर या की."

कडी निघाली. काका आले आणि दोघांच्या मधे मांडी घालून बसले. काकू डोळे पुसत चहा टाकायला गेल्या.

आता माझं भूत बोलत नाही, नुसतं टकटकतं. कुमार म्हणतो, पहिल्यापेक्षा लई भ्या वाटतं!

मित्रांनो, तुमचंही कुणी असं गप्प झालं असेल, तर बंद दार बघून लगेच माघारी जाऊ नका. जरा बसा. त्याला उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा.