झेंडा पडला

मित्रांनो, मी बुद्धिबळाचे एक जुने घड्याळ आहे. माझ्या लाकडी पेटीत दोन तबकड्या आहेत, दोन खेळाडूंच्या दोन. चाल करून आपल्या बाजूचे बटण दाबले की आपला काटा थांबतो आणि समोरच्याचा चालू लागतो. वेळ संपली की तबकडीवरचा लाल झेंडा खाली पडतो. झेंडा पडला की डाव गेला.

कसबा बावड्यातल्या क्लबाने मला आणले तेव्हा मला चावी द्यायला पोरे भांडत. आता वेळ फोनवरच लावतात. मी कपाटात धूळ खात असते.

गेल्या रविवारी मात्र गंगव्वा आक्कांनी हट्ट धरला, "त्या फोनचं मला कळत न्हाय. आपलं घड्याळ काढा." सांगलीला स्पर्धेला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती आणि ती या डावावर ठरणार होती. आक्का लग्न होऊन इथे आल्या तेव्हापासून खेळतात, पण संघात कधी गेल्या नव्हत्या. समोर बसला होता डेअरीतला अमरसिंह, खुर्चीत न मावणारा उंच गडी.

डाव रंगत रंगत शेवटाला आला. आक्कांचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला होता. दोघांचीही वेळ संपत आली होती. माझी टिकटिक साऱ्या खोलीला ऐकू येत होती. अमरसिंहाने वजीर सरकवला. पुढच्या चालीला मात ठरलेली. त्याचा हात माझ्या बटणाकडे निघाला आणि तेवढ्यात टेबलाखाली त्याचा पाय आक्कांच्या पायाला लागला.

थोरांना पाय लागला की नमस्कार करायचा, हे त्याच्या अंगात मुरलेले. बटणावर येणारा हात खाली वळला. वाकून त्याने आक्कांच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला.

"यशस्वी हो," आक्कांच्या तोंडून सवयीने निघाले.

त्याचा काटा चालूच होता. मला थांबता येईना. झेंडा पडला.

आक्कांनी माझ्याकडे पाहिले. झेंडा पडल्याचे समोरच्या खेळाडूनेच सांगायचे असते, म्हणून पंच आण्णा गप्प होते. अमरसिंह तर अजून पटाकडेच बघत होता. आक्कांनी दोनदा तोंड उघडले, दोनदा मिटले.

"झेंडा पडला रं पोरा," शेवटी त्या म्हणाल्या.

"आक्का, आत्ताच यशस्वी हो म्हणालासा की," आण्णा म्हणाले.

"ते जन्माला म्हणलं. डावाला न्हाय."

अमरसिंह लाल झाला. मग त्याने हात पुढे केला. "बरोबर हाय. जावा आक्का, सांगलीकरांस्नी घाम फोडून या."

मित्रांनो, मला निर्दय म्हणू नका. मी एकाचा मान राखायला थांबले, तर दुसऱ्याची वेळ चोरल्यासारखे होईल. मला अधूनमधून पुसा, चावी द्या. आणि थोरांना नमस्कार जरूर करा. फक्त त्याआधी माझे बटण दाबा.