दोघांची जागा

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नव्हे, शाळेतली नव्हे, सायकलची. माझी पितळी वाटी आता काळपट पडली आहे आणि खटकाही थोडा सैल झाला आहे. पण अंगठ्याने नीट दाबलं, तर अजून माझा आवाज नदीच्या पलीकडे जातो.

उल्हासनगरात एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. वाटी कुठून आली, स्प्रिंग कुठून आली, मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की एका बाईने मला हातात घेऊन वाजवून पाहिलं आणि हसून पेटीत ठेवलं. त्यानंतर मी आण्णांच्या सायकलवर आले.

आण्णा एका सिंधी शेटच्या दुकानातून कापडाचे तागे बाजारभर पोचवत. गल्ल्या अरुंद, माणसंच माणसं. आण्णा कधी ओरडले नाहीत. लांबूनच मला दोनदा वाजवायचे, मग ब्रेक दाबून वाट मिळायची वाट बघायचे. शेट गल्ल्यावरून म्हणायचे, "आण्णा आ गया. बाकी सगळे धक्का देके येतात, हा घंटी देके येतो." ते ऐकून मी ऊन पडल्यासारखी चमकायचे.

पुढे आण्णांचे गुडघे गेले. सायकल भंगारात गेली, पण त्यांनी मला काढून घेतलं. ते मुलीबरोबर बदलापूरला राहायला आले आणि मुलीने, तेजलने, नवी सायकल घेतली, तेव्हा त्यांनी स्वतः पाना घेऊन मला तिच्या हँडलला बसवलं.

"आण्णा, ही कोण लावतं आता?" तेजल म्हणाली.

"असू दे. पुढच्याला कळायला नको का, तू येतेयस ते?"

तेजल बँकेत नोकरी करते. सकाळी ऑफिसच्या आधी ती एका ग्रुपबरोबर सायकल चालवायची. नदीच्या बाजूने चामटोलीकडे जाणारा एक रस्ता आहे. तिथे मोटारींना बंदी आहे, चालणारे आणि सायकलवाले दोघंही असतात. ग्रुपमध्ये सगळ्यात पुढे संतोष. पहिल्याच दिवशी माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "काय तेजल, दूध घालायला निघालीस काय?" सगळे हसले. त्या दिवसापासून तेजलचा अंगठा माझ्याकडे वळला नाही. ती कानात गाणी घालायची आणि समोर कोणी आलं की ओरडायची, "साईड, साईड!" मित्रांनो, अंगावर धूळ साचते तेव्हा दुखत नाही. गरज असताना कोणी हात लावत नाही, तेव्हा दुखतं.

त्या रस्त्यावर रोज एक म्हातारे गृहस्थ चालायचे. भीमराव त्यांचं नाव, ते आम्हाला नंतर कळलं. पांढरी टोपी, स्वच्छ शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. ते नेहमी रस्त्याच्या मधोमध चालायचे. डावीकडे, गवताच्या कडेला, एका माणसाएवढी जागा मोकळी सोडायचे आणि त्या जागेकडे मान वळवून हळू काहीतरी बोलायचे. सायकलवाले वैतागायचे. "काका, रस्ता तुमच्या बापाचा आहे का?" असंही एकदा कोणीतरी बोललं. ते बाजूला झाले नाहीत. मी हँडलवर, सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या बाजूने पुढे जाताना मला त्यांचा चेहरा दिसायचा. ते रागावलेले नसायचे, घाबरलेले असायचे.

मग ती थंडीतली सकाळ आली. नदीवरून धुकं वर चढलं होतं, गवत ओलं होतं. ग्रुप पुढे निघून गेला होता, तेजल त्यांना गाठायला जोरात पायडल मारत होती. धुक्यातून भीमरावांची पाठ दिसली. "काका, साईड! लेफ्टने येते!" ती ओरडली. ते हलले नाहीत. डावीकडची जागा मोकळी होती. तेजलने सायकल तिथे घातली.

"सरू!" भीमराव किंचाळले. "सरू, इकडे ये!"

त्यांनी दोन्ही हात डावीकडे टाकले, कोणालातरी ओढून घ्यावं तसे. हातात काहीच आलं नाही, आणि ते तोल जाऊन मनगटावर पडले.

आणि मित्रांनो, त्याच क्षणी मी वाजले. तेजलचा अंगठा माझ्यावर नव्हता. खाली दगड नव्हता, खड्डा नव्हता. माझ्यावरून काहीतरी गेलं, ओल्या पदरासारखं गार, आणि माझा खटका आपोआप दाबला गेला. मी आजवर याचा अर्थ लावू शकले नाही.

तेजलने सायकल टाकली आणि धावत गेली. भीमराव रस्त्यात बसले होते. मनगट सुजायला लागलं होतं. पण ते मनगटाकडे बघतच नव्हते, कडेच्या गवताकडे बघत होते.

"तिला लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

"कोणाला काका?"

त्यांनी तेजलकडे पाहिलं. मग गवताकडे.

तिने त्यांच्या खिशातल्या फोनवरून त्यांच्या मुलीला, प्रीतीला, बोलावून घेतलं. दोघींनी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर घातलं.

संध्याकाळी तेजल सायकल हातात धरून सोनिवलीला त्यांच्या घरी गेली. सायकल दाराशी टेकवली होती, दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तेजलने माफी मागितली. प्रीती चहा देत म्हणाली, "तुमची एकटीची चूक नाही हो. पप्पा दोन माणसांची जागा अडवून चालतात. सांगून सांगून थकले मी."

मग भीमरावांचा आवाज आला.

"आम्ही दोघं रोज जायचो त्या रस्त्याने. त्या दिवशी माझी बायको, सरस्वती, उजवीकडे होती. मी कडेने चालत होतो, सावलीतून. मागून सायकल आली. घंटी नाही, हाक नाही. कानाशी एकदम वारा आला, ती दचकली आणि पडली. खुबा मोडला. अंथरुणातून उठली नाही परत. दोन वर्षं झाली जाऊन."

"तो थांबला नाही?"

"नाही. नुसती पाठ दिसली त्याची." भीमराव थोडं थांबले. "आता मी तिला कडेला ठेवतो. रस्त्याच्या बाजूला मी. मी वेडा नाही पोरी. ती नाही, हे मला कळतं. पण त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं की ती शेजारी येते. मग तिला परत उजवीकडे कसं चालू देऊ?"

निघताना भीमराव तिला म्हणाले, "तू थांबलीस. बरं झालं."

घरी येऊन तिने मला पुसलं. आण्णांकडून मशीनचं तेल मागून खटक्यात दोन थेंब सोडले.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपला सगळी हकिगत सांगितली. संतोष बाटलीतून पाणी पीत होता, तो थांबला. "कधीची गोष्ट ही?" त्याने विचारलं. "दोन वर्षांपूर्वीची," ती म्हणाली. त्याने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. त्यानंतर संतोष त्या रस्त्यावर कधी आला नाही.

प्लास्टर निघालं आणि भीमराव पुन्हा चालायला लागले, तसेच मधोमध. तेजलने लांबूनच मला दोनदा वाजवलं. आण्णा वाजवायचे तसंच. वेग कमी केला. भीमरावांनी मागे न बघता हात वर केला. उजवीकडे जागा थोडी होती, एक चाक मातीत घालावं लागलं. तेजल अगदी हळू, जवळजवळ पायी चालल्यासारखी त्यांच्या बाजूने गेली.

"जयभीम काका. उजवीकडून जाते."

"जा पोरी, सावकाश."

आम्ही पुढे गेलो तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला. ते डावीकडे वळून कोणाला तरी सांगत होते, "बघ, घंटी वाजवून गेली."

माझ्या आयुष्यात माझं पुष्कळ कौतुक झालं, पण त्या शब्दांनी माझ्या पितळेवर काटा आला.

मागच्या वर्षी भीमराव गेले. आता ग्रुपमध्ये नवी मुलंमुली आली आहेत, तेजल त्यांच्या पुढे असते. नदीकाठी त्या वळणावर पोचली की ती अजूनही मला वाजवते आणि उजवीकडून, हळू जाते. एकदा किर्ती नावाच्या मुलीने विचारलं, "ताई, समोर तर कोणीच नाहीये. घंटी कोणाला?" तेजल फक्त म्हणाली, "तू पण वाजव." किर्तीने वाजवली. तिच्या मागच्यानेही वाजवली. धुक्यात एकामागून एक घंट्या वाजत गेल्या आणि सगळ्या सायकली गवताकडेची जागा सोडून गेल्या.

मित्रांनो, सायकल जरूर चालवा, वाऱ्यासारखी चालवा. पण पुढे चालणारं माणूस दिसलं की वेग कमी करा, लांबूनच घंटी वाजवा, आणि त्याला वळायला, सावरायला वेळ द्या. त्याने चटकन वाट दिली नाही तर रागावू नका. मागून तुम्हाला त्याची नुसती पाठ दिसते. त्याच्या शेजारून कोण चालतंय, ते दिसत नाही.