भुंडीचं माप

टेपबाईच्या कोंबड्यांनी आपल्यातल्याच भुंडीला टोचून टोचून रक्तबंबाळ केलं होतं. शेपटी तर कधीच गेली होती, आता पाठही सोलून निघाली. टेपबाईच्या नवऱ्यानं निकाल देऊन टाकला, "एवीतेवी ती जगायची नाही. रविवारी शिजवून मोकळे होऊ."

टेपबाई म्हणजे गल्लीतली शिंपीण. दिवसभर गळ्यात टेप, म्हणून सगळे तिला तसंच म्हणायचे. भुंडीवर तिचा भारी जीव. मशीन सुरू झालं की ही बया हटकून पायाशी येऊन बसायची.

खुराडं टेपबाईनंच बेतलं होतं आणि त्याचा तिला कोण अभिमान! एकेक कोंबडी मांडीवर घेऊन माप काढलं होतं. "झगे शिवतेस की काय त्यांना?" म्हणून नवरा खो खो हसला होता. पण खुराडं असं चापूनचोपून झालं, की फळीचा एक तुकडा वाया गेला नाही.

त्या दुपारी तिनं भुंडीला एकटीला अंगणात सोडलं. भुंडी उन्हात उभी राहिली, एक पाय मागे ताणला आणि त्याच बाजूचा पंख उलगडू लागली. पंख उलगडतच गेला. टेपबाईची कात्री हातात तशीच राहिली. अगं बाई! एवढीशी कोंबडी, आणि हे एवढं सगळं घडी घालून कुठं ठेवलं होतं हिनं? रोज बघत होते मी, आणि दिसलं नाही मला!

मग तिला स्वतःचाच राग आला. नवा कपडा अंगात चढवला की गिऱ्हाइकाला ती हात वर करून, खाली वाकून बघायला लावायची. आणि या मुक्या जिवांना मांडीवरच्या मापात कोंबलं! टोचतील नाही तर काय करतील बिचाऱ्या?

तिनं नव्या खुराड्यासाठी खडूनं अंगणात भला मोठा चौकोन आखला.

"यात आपलाच संसार मांडू या," नवरा म्हणाला.

"हसा हसा. आणि हसून झालं की करवत आणा."

कापडांचं जुनं कपाट मोडलं. नवरा कुरकुरत का होईना, खिळे ठोकत राहिला. आत बसायला लांबलचक दांडी लावली, प्रत्येकीला पंख पसरता येईल अशी.

शनिवारी अंधारून येताना कोंबड्या आत शिरल्या. दांडीवर चढून ऐसपैस बसल्या. भुंडी दाराशीच घुटमळली. टेपबाईचा जीव टांगणीला लागला. आज टोचलं, तर उद्या पातेलं ठरलेलं.

भुंडीनं उडी मारली आणि पार टोकाला जाऊन बसली. तिच्या शेजारची सरकली. टेपबाईनं डोळेच मिटले. उघडून बघते तर काय, ती भुंडीला अंग लावून बसलेली! मग दुसरी सरकली, तिसरी सरकली. अर्धीअधिक दांडी मोकळी, आणि सगळ्या जणी एका टोकाला दाटीवाटीनं. कोंडल्या होत्या तेव्हा जिवावर उठलेल्या, आज आपण होऊन बिलगल्या. टेपबाईचे डोळे भरून आले.

नवराही आ वासून बघत होता.

"काय हो, मग उद्याचं काय?" तिनं विचारलं.

"शू! हळू बोल ना," तो म्हणाला, "उठतील त्या."