न्हाणीच्या पाण्यावरचा गड्डा

मी अळूचा गड्डा बोलतोय. या घरातल्या एकूण एक माणसाला मी नाचवलंय. आता नाचवलंय म्हणजे काय, मला कच्चं हाताळलं की खाज सुटते आणि माणूस आपोआप नाचतो. त्यात माझी कला काडीची नाही.

मला म्हातारीनं लावलं. परसात, न्हाणीचं पाणी बाहेर पडायचं तिथंच. घरातली खबर मला पाण्यातूनच कळायची. मुलगा आंघोळीला बसला की मला पूर. सून बसली की जेमतेम तांब्याभर, तोही वासाच्या साबणाचा. सासू-सुनेचं वाजलं की भांडी दोनदा विसळली जायची. त्यांनी भांडावं, मी फोफावावं, असं बरं चाललं होतं.

दरवर्षी मला उकरायचे, अंगाला चिकटलेल्या अळकुड्या, म्हणजे माझी पोरं, काढून घ्यायचे आणि मला परत पुरायचे. पोरं यांच्या पोटात, बाप मातीत. तक्रार नाही, त्यासाठीच तर ठेवला होता.

सून नवी होती तेव्हा ओल्या हातांनी अळकुड्या सोलायला बसली. हात कोरडे हवेत, हे म्हातारीला ठाऊक होतं. मुद्दाम सांगितलं नाही. सून कोपरापर्यंत खाजवत परसभर फिरली आणि म्हातारी तोंडावर हात दाबून हसली. तेव्हाच मी ओळखलं, ही म्हातारी आपल्यातली.

मग म्हातारीनं अंथरूण धरलं. घास गिळवेना. उकडून कुस्करलेली अळकुडी तेवढी घशाखाली उतरायची.

त्यातच, डास होतात म्हणून मुलानं न्हाणीला पाइप बसवला. पाणी थेट रस्त्याच्या गटारात. मला वेगळं पाणी घालायचं कुणाला सुचलंच नाही. आजवर कुणी घातलं होतं? तहानेनं पोरं सुपारीएवढी राहिली आणि खाज मात्र दुप्पट झाली.

सुनेनं नेहमीसारखी उकडून भरवली. म्हातारीचा घसा चरचरला, डोळ्यांना धार लागली. त्यानंतर तिनं तोंडच मिटलं. मुलगा म्हणाला, तो गड्डा फेकून दे आधी.

सुनेनं मला उकरलं, पण तिला फेकवेना. मला घेऊन ती खाटेशी आली. हात कोरडे पुसलेले होते. शिकली पोरगी.

एका बाजूनं मी सुकलोय, पण एक कोंब अजून जिवंत आहे. लावा मला, रोज तांब्याभर पाणी द्या, लोण्यासारखी पोरं देतो, असं मला ओरडून सांगायचं होतं.

सुनेनं तेच विचारलं, "आई, याला परत लावू? मी घालीन पाणी."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. तोंडावर न्यायला हात उचलवत नव्हता, म्हणून उघडंच हसली.

"लाव की. फक्त पुढच्या वर्षी खाणार कोण, तेवढं त्याला विचार."